आडवं पडल्यावर बरं वाटतं ना?

१

खापर कुणाच्या डोक्यावर फोडायचं हे, प्रेत माझ्याकडे येण्याआधीच ठरलं होतं. मी फक्त सही करायची होती.

"सुई आतल्या पिशवीत घुसली. पोरीचा हात चुकला," मोठे डॉक्टर म्हणाले. हे आमच्या रुग्णालयातल्या भूल विभागाचे प्रमुख. एरवी तळघरात पाऊल टाकत नाहीत, शवागाराच्या वासाने त्यांना मळमळतं म्हणे. आज स्वतःहून जिना उतरून आले, तेव्हाच माझे कान टवकारले. "तुम्ही तेवढं लिहून द्या. उद्या सकाळी चौकशी समिती बसेल, तिला घरी पाठवतील, विषय संपेल."

"मी आधी बघते, मग लिहिते," मी म्हटलं. "उलटं करायची सवय नाही मला."

त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. झोंबू देत. मी इथली शवविच्छेदन करणारी डॉक्टर. पाठीमागे सगळे मला 'तळघरवाल्या बाई' म्हणतात. माझ्याकडे येणारे पेशंट माझी तक्रार करत नाहीत, म्हणून मी कुणाच्या बापाला घाबरत नाही.

टेबलावर होती ती शाळेतली चित्रकलेची शिक्षिका. नखांच्या कडांना अजून निळा रंग होता. आधी दोन गर्भ गेलेले, हे तिसरं. मुलगी झाली, ठणठणीत. कळा सोसवेनात म्हणून धाकट्या डॉक्टरने, म्हणजे भूल विभागातल्या त्या नव्या मुलीने, तिच्या कमरेत सुई टोचून औषधाची बारीक नळी बसवली होती. यालाच एपिड्युरल म्हणतात. रोज करतात.

दुसऱ्या दिवशी बाईंचं डोकं भयंकर दुखायला लागलं. मोठ्या डॉक्टरांनी निदान केलं की सुई जायला नको तिथवर गेली, मणक्यातल्या पिशवीला भोक पडलं आणि तिथलं पाणी गळतंय. त्यावर उपाय ठरलेला आहे. बाईंच्याच दंडातून रक्त काढायचं आणि कमरेत त्याच जागी सोडायचं, म्हणजे ते गोठून भोक बुजतं. त्यांनी ते स्वतः केलं. सिरिंज रिकामी व्हायच्या आत बाई ओरडल्या, "डोकं फुटतंय माझं!" एका डोळ्याची बाहुली मोठी झाली आणि श्वास थांबला. त्या पुन्हा शुद्धीवर आल्याच नाहीत.

मी कवटी उघडली. मेंदू इतका फुगलेला की जागेत मावत नव्हता. त्याचा खालचा भाग कवटीच्या तळाच्या भोकात पाचर मारल्यासारखा रुतला होता. आणि मागे, लहान मेंदूला खेटून, एक गाठ होती. गुळगुळीत, टणक, चांगली लिंबाएवढी.

नाकाला रुमाल लावून थांबलेले मोठे डॉक्टर भिंतीला टेकले. "हे आम्हाला कुणी सांगितलं नाही," एवढंच ते म्हणाले.

२

मेंदू आणि मणका एकाच पाण्यात असतात. वर कवटी, ती काही ताणत नाही. खाली मणक्यातली पिशवी. गरम पाण्याची रबरी पिशवी खालून दाबली की वरून फुगते, तसंच हे. कमरेत पिशवीच्या बाहेरून औषध सोडलं की पिशवी दबते, पाणी वर सरकतं आणि कवटीतला दाब थोडा वेळ वाढतो. धडधाकट माणसाला कळतही नाही. पण कवटीत आधीच गाठ असेल, पाण्याची वाट अडली असेल, तर तिथे एका चमच्याचीही जागा उरलेली नसते. कळांच्या वेळचं औषध थोडं थोडं, सावकाश गेलं, म्हणून बाई निभावल्या. रक्त मात्र झपकन गेलं आणि त्याने घात केला.

आता मला ते भोक बघायचं होतं. मी मणक्यातली पिशवी मोकळी केली, गोठलेलं रक्त पुसलं आणि आत निळं पाणी भरून ताण दिला. भिंगातून बघत बसले. एक थेंब गळला नाही. पुन्हा भरलं, नाहीच. पिशवी शाबूत होती.

म्हणजे पोरीचा हात चुकलाच नव्हता. जे भोक नव्हतं ते बुजवण्यासाठी बाईंचा जीव गेला होता.

धाकटी डॉक्टर कपडे बदलायच्या खोलीत स्वतःचं कपाट रिकामं करत होती. डोळे सुजलेले, हातात एक स्वेटर, तीच घडी पुन्हा पुन्हा घालत होती.

"ठेव तो," मी म्हटलं. "तुझी सुई बरोबर गेली होती."

ती बाकावर बसली. मग खूप रडली. मी शेजारी बसून राहिले. समजूत घालणं मला जमत नाही.

"आता नाक पूस आणि सांग. सुई टोचण्याआधी डोकेदुखीचं विचारलं होतंस?"

"विचारलं होतं, मॅडम. देवाशपथ. आम्ही प्रत्येकीला विचारतो. त्या म्हणाल्या, 'मधे खूप दुखायचं. पण ते तपासून झालंय, काही नाही निघालं.' हसल्यासुद्धा."

"कुणी तपासलं?"

"ते नाही विचारलं. त्या कळांनी तळमळत होत्या, आणि इतक्या निर्धास्तपणे म्हणाल्या..." ती थांबली. "मोठ्या सरांना मी हे सांगितलं होतं. ते म्हणाले, आता सारवासारव करू नकोस."

माझ्या कपाळावर आठी चढली. एवढी गाठ कुठल्याही स्कॅनमध्ये आंधळ्यालाही दिसली असती. मग 'काही नाही निघालं' असं त्या बाईंना सांगणारा माणूस कोण?

३

मी शहरातल्या झाडून सगळ्या स्कॅन सेंटरना फोन लावले. कुठेही त्या नावाची बाई डोकं तपासायला आली नव्हती. तपासणी झाली, पण कुठेच झाली नाही. मला असली कोडी आवडत नाहीत. माझे पेशंट निदान खोटं बोलत नाहीत.

वॉर्डच्या सिस्टर मला औषधांच्या खोलीत भेटल्या. कडक बाई. त्यांच्या वॉर्डात चादरीला सुरकुती दिसली तरी कुणाची खैर नसते.

"माझ्या वॉर्डात काही चुकलेलं नाही," त्यांनी आधीच जाहीर करून टाकलं.

"मी काही म्हटलं का? मोठे डॉक्टर राउंडला आले तेव्हा काय झालं, तेवढं सांगा."

"काय होणार? नेहमीसारखे घाईत होते. पलंगाजवळ उभे राहून त्यांनी विचारलं, 'आडवं पडल्यावर बरं वाटतं ना?'"

हा प्रश्न महत्त्वाचा आहे. पाणी गळून डोकं दुखत असेल तर माणूस उभा राहिला की कळवळतो आणि आडवा झाला की सुखावतो. कवटीत दाब वाढून दुखत असेल तर नेमकं उलटं, आडवं पडलं की जीव जातो. डॉक्टरांनी विचारायला हवं होतं, 'कधी दुखतं?' त्यांनी उत्तरासकट प्रश्न विचारला होता.

"मग बाई काय म्हणाल्या?"

"त्यांनी डोळे उघडलेच नाहीत. उत्तर त्यांच्या मिस्टरांनी दिलं. 'हो,' म्हणाले."

"तुम्हाला काय वाटलं होतं?"

सिस्टर ट्रेमधल्या बाटल्या उगाच सरळ करायला लागल्या. "त्यांनी पाठीशी उशा रचल्या होत्या. बसूनच झोपायच्या. डॉक्टरांचा हुकूम आला, सपाट झोपवा, म्हणून मीच त्या उशा काढल्या. 'एक तरी राहू द्या,' असं त्या म्हणाल्या होत्या." त्यांनी ट्रे बाजूला सरकवला. "मी म्हटलं, नियम आहे. नंतर त्या गप्प झाल्या. मला वाटलं, आराम पडला."

तो आराम नव्हता, ती दाबाने येणारी गुंगी होती, हे त्यांना आता कळलंच होतं.

नवरा जिन्याखालच्या बाकावर बसला होता. धाकट्या डॉक्टरविरुद्धची तक्रार त्यानेच दिली होती. चांगला उंच, सभ्य माणूस. दाढी वाढलेली. मी सवयीने त्याला पायापासून वर बघत गेले. बिनबकलाच्या रबरी चपला, नाडीची पँट, सदऱ्याला प्लॅस्टिकची बटणं, मनगट मोकळं. अंगावर कुठे साधी साखळीसुद्धा नाही.

"बाळंतपणाआधी त्यांचं डोकं दुखायचं का?"

"छे. कधीच नाही."

"कुठे काही तपासणी?"

"कशाला करू? ती ठणठणीत होती." त्याने मान वर केली. "मॅडम, त्या मुलीला शिक्षा होणार ना? माझी बायको गेलीय."

"तुम्ही काय काम करता?"

"नोकरी. मशीन चालवतो." एवढ्यात वॉर्डातून बाळाच्या रडण्याचा आवाज आला आणि तो ताडकन उठून गेला. धावलाच म्हणा ना.

दोघांपैकी एक खोटं बोलत होतं. मेलेली बाई, नाहीतर जिवंत नवरा.

४

मेलेल्या बाईची थोरली बहीण बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. ही शिवणकाम करते. एका हाताने बाळाला थोपटत होती, दुसऱ्या हाताने लंगोटांच्या घड्या घालत होती.

"ताई, तुमच्या बहिणीचं डोकं दुखायचं?"

"दुखायचं म्हणजे? सकाळी उठली की भिंतीला धरून उलट्या. पाचव्या महिन्यापासून. मी म्हटलं, अगं, उलट्यांचे दिवस गेले ना आता? ती म्हणायची, होतं कुणाकुणाला. चालताना झोक जायचा, तर पोट जड झालंय म्हणायची. झोपायची खुर्चीत. कंबर भरते म्हणून."

"कंबर भरते, असं कोण म्हणायचं?"

तिने थोडा विचार केला. "भाऊजी."

मी स्टूल ओढून जवळ बसले. "मग दवाखान्यात दाखवलं नाही?"

"भाऊजींनी बघितलं म्हणाली. 'ताई, सगळं साफ आहे, तू उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस.' मलाही बरं वाटलं. त्यांना कळतं ना त्यातलं." बाळ कुरकुरलं तशी तिने त्याला खांद्यावर घेतलं. "त्याच सुमाराला एक गंमत झाली. बोटं सुजून तिची अंगठी रुतली होती. मी म्हटलं, बाळंतपणानंतर निघेल आपोआप. पण भाऊजींनी त्याच दिवशी कातरून काढली. कानातलंही काढायला लावलं. संध्याकाळी माझ्याकडे आली तर कान चोळत होती. म्हणे, आज यांच्या कामावर गेले होते, काय तो आवाज गं, कुणी डोक्याशी पत्रा बडवतंय असं वाटतं."

अंगठी, कानातलं, पत्रा बडवल्याचा आवाज. आणि स्वतःच्या अंगावर धातूचा कण न ठेवणारा माणूस.

"ताई," मी विचारलं, "तुमचे भाऊजी नेमकं कुठलं मशीन चालवतात?"

५

"एमआरआय," नवरा म्हणाला.

मी त्याला माझ्या खोलीत बोलावलं होतं. मोठे डॉक्टर खिडकीशी उभे होते, त्यांना मीच थांबायला सांगितलं होतं. त्यांनीही ऐकायला हवं होतं.

"त्या चुंबकाजवळ लोखंड चालत नाही," मी म्हटलं, "म्हणून तुमच्या अंगाची सवयच तशी झालीय. बायकोला तुम्ही मशीन मोकळं असताना आत घातलंत. नोंद केली नाहीत, म्हणून मला ती कुठे सापडली नाही. तिच्या अंगावरचा सगळा धातू उतरवायला लावलात. आणि ती गाठ बघितलीत."

त्याने नकारार्थी मान हलवली.

"नाही म्हणू नका. काही निघालं नसतं, तर तपासणी लपवायचं कारणच नव्हतं. 'माझ्या बायकोचं डोकं दुखायचं, मी स्वतः स्कॅन केला, साफ होता,' असं तुम्ही छाती ठोकून सांगितलं असतंत. बायकोला तुम्ही सांगितलंत की काही नाही. तिचा तुमच्यावर विश्वास. भूल देणाऱ्या मुलीने विचारलं तेव्हा तिने तुमचंच वाक्य सांगितलं. ती मुलगी फसली ती तिथे."

मग तो बोलायला लागला, आणि बांध फुटल्यासारखा बोलत सुटला.

"आधीची दोन गेली, मॅडम. दुसऱ्या वेळी तर ती महिनाभर कुणाशी बोलली नाही. नुसती भिंतीकडे बघत बसायची. हे तिसरं राहिलं आणि ती हसायला लागली. बाळाच्या खोलीत तिने अख्ख्या भिंतीवर जंगल रंगवलं. त्या पडद्यावर ती गाठ दिसली, तेव्हा काचेपलीकडून ती अंगठा उंचावून मला 'सगळं छान' असं खुणावत होती. कसं सांगू? सांगितलं असतं तर डॉक्टर म्हणाले असते, आधी डोकं उघडा, बाळ सोडा. गाठ साधी वाटत होती. मी म्हटलं, बाळंत होऊ दे. मग मीच घेऊन जाईन. शपथ घेऊन सांगतो, पुढच्या आठवड्यातच नेणार होतो."

"आणि कमरेतलं इंजेक्शन?"

"त्याचा डोक्याशी काय संबंध?" तो कळवळून म्हणाला. "मला खरंच माहीत नव्हतं! आमच्याकडे डोक्याचा स्कॅन वेगळा काढतात, कमरेचा वेगळा काढतात. मी रोज दोन्ही बघतो. कधी मनातच आलं नाही की ते एकच आहे."

मोठे डॉक्टर खिडकीकडे तोंड करून होते. मी त्यांनाही सोडणार नव्हते.

"आणि तुम्ही," मी म्हटलं, "पेशंटला सोडून तिच्या नवऱ्याचं ऐकलंत. ऐकलंत म्हणजे काय, उत्तर तुम्हीच त्याच्या तोंडात घातलंत. मग ती पोर खरं सांगत होती, तर तिलाच दटावलंत."

"मी समितीसमोर बोलेन," ते हळू आवाजात म्हणाले. "कागदांवरून तिचं नाव मी स्वतः काढेन. आणि माझं घालेन." आमच्या इतक्या वर्षांच्या भांडणात मला त्यांचा पहिल्यांदाच आदर वाटला, तोही थोडाच. ते गेले.

मी दार लावून घेतलं.

"शेवटचं," मी नवऱ्याला म्हटलं. "बायको खुर्चीत झोपते, हे तुम्हाला माहीत होतं. आडवं पडल्यावर तिला बरं वाटतं का, असं त्यांनी विचारलं तेव्हा तुम्ही 'हो' का म्हणालात?"

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "नाही म्हटलं असतं, तर पुढचे प्रश्न आले असते. कधीपासून? कुणी बघितलं? आणि डॉक्टर इतक्या खात्रीने सांगत होते, साधं आहे, उद्या घरी जाल. मला तेच हवं होतं. मला वाटलं, हे दुखणं खरंच सुईचं असेल. एकदा, फक्त एकदाच वाटलं."

"आणि तक्रार?"

"ती गेल्यावर माझं डोकंच चालेना. कुणीतरी केलंय, मी नाही, असं काहीतरी हवं होतं." मग त्याने हात खाली घेतले. "मॅडम, एवढंच सांगा. मी तेव्हाच बोललो असतो तर बाळ गेलं असतं ना? त्या दोघींपैकी एकच वाचणार होती ना?"

६

त्याला काय ऐकायचं होतं, ते मला कळत होतं. 'हो' म्हटलं असतं तर तो उरलेलं आयुष्य कसंबसं रेटू शकला असता. माझ्या टेबलावर त्या गाठीचा तुकडा काचेवर पडला होता, तो मी सकाळीच तपासला होता.

"तुम्ही कुणाला विचारलंत हे?"

"कुणालाच नाही."

"मग ऐका. गाठ साधी होती. मेंदूच्या आवरणातून निघालेली, पसरणारी नव्हे. पोटात बाळ असताना अशा शस्त्रक्रिया होतात. नाहीतर दिवस भरत आल्यावर आईचं पोट उघडून बाळाला आधी बाहेर काढतात, मग डोक्याकडे वळतात. आधीच कळलं असतं, तर कमरेत सुई घालायला कुणी धजावलंच नसतं. खात्री कुणीच देत नसतं, मीही देत नाही. पण माझं मत विचाराल, तर दोघी वाचल्या असत्या."

त्याच्या तोंडातून आवाज निघाला, तो मला लिहिता येणार नाही. तो खुर्चीवरून खाली सरकून जमिनीवर बसला. मी त्याला उठवलं नाही. मला त्याचा राग आला होता, आणि कीवही येत होती, आणि रागाच्या जोडीला ही कीव कशाला येतेय म्हणून माझा मलाच संताप येत होता.

थोड्या वेळाने तो स्वतःच उठला. "कागद द्या," म्हणाला. "तक्रार मागे घेतो. बाकीचं पोलिसांना सांगतो."

मी दार उघडलं. बाहेर थोरली बहीण उभी होती, खांद्यावर बाळ. दार पातळ आहे आमचं. तिचा चेहरा बघितल्यावर तिने किती ऐकलं असेल, हे विचारायची गरज नव्हती. तो उंबऱ्यातच थिजला.

"ताई..."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ही कानाखाली काढणार. काढली असती तर मी मधे पडले नसते.

तिने बाळ खांद्यावरून उतरवलं, दुपटं नीट केलं आणि त्याच्या हातात दिलं.

"धरा," ती म्हणाली. "मान सांभाळून. मी हिला वाढवीन, शिकवीन, सगळं करीन. पण आई कशी गेली, हे हिने विचारलं की तुम्ही सांगायचं. तुमच्या तोंडाने. कुठेही असलात तरी येऊन सांगायचं. मी नाही सांगणार."

त्याने बाळाच्या मानेखाली हात घातला. "हो," तो म्हणाला.